मुंबईत राहणाऱ्यांनो, तुम्हाला इथे राहायला नक्की काय आवडतं?

हळदीचं_गाव:
नमस्कार मंडळी. आमच्या ह्यांची बदली मुंबईला झालीये, ऑफिस फोर्टात, जूनमध्ये जॉइन व्हायचंय. मी सांगलीची, लग्न झालं ते पण सांगलीतच, घरापुढे अंगण आहे, मागे शेवगा आहे, कुठेही जायचं म्हटलं तर दहा-पंधरा मिनिटांत पोचते. आता ज्याला सांगेन तो तेच ऐकवतो, गर्दी, घाम, एवढंसं घर, लोकलचे धक्के. पण हे सांगणारे निम्मे लोक स्वतः तिथेच राहतात आणि परत यायचं नाव काढत नाहीत. आमच्या चुलत नणंदबाई रिटायर झाल्या, गावाकडे चांगलं बांधलेलं घर आहे, तरी गोरेगाव सोडत नाहीत. म्हणजे काहीतरी असणारच ना तिथे, आणि मला तेच ऐकायचंय. 'मुंबई स्पिरिट' आणि 'स्वप्नांचं शहर' सोडून सांगा प्लीज, ते पेपरात भरपूर वाचलंय. रोजच्या जगण्यातलं सांगा, तुम्हाला स्वतःला काय आवडतं, कशासाठी राहता. मला वाचायला आवडतं, नाटकाचं तर वेड आहे (विष्णुदास भाव्यांच्या गावची आहे शेवटी), आणि मुलगी आता दुसरीत जाईल, तिला पक्षी, किडे, प्राणी ह्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. ह्यांची काळजी मला नाहीये, ते ऑफिसात रमतील. आम्हा दोघींचं काय होणार ते सांगा.

परळचा_पोर:
वहिनी, नाटकाचं वेड आहे म्हणालात ना, मग तुमची काळजी मला तरी वाटत नाही. दादर स्टेशनला उतरा, वेस्टला या, शिवाजी मंदिर चालत पाच मिनिटं. १९६५ पासून उभं आहे. रविवारी सकाळी, दुपारी, रात्री असे प्रयोग लागलेले असतात, आणि मध्यंतरात बाहेर बटाटेवड्याचा वास सुटतो तो वेगळाच. तिथून माटुंग्याला यशवंत, प्रभादेवीला रवींद्र, पार्ल्याला दीनानाथ, चर्नी रोडला साहित्य संघ, बोरिवलीला प्रबोधनकार, ठाण्याला गडकरी, आणि ह्यातल्या बहुतेक ठिकाणी ट्रेनने जाऊन रात्रीच्या प्रयोगानंतर ट्रेनने परत येता येतं, ही गोष्ट दुसऱ्या किती गावांत जमते सांगा. आमच्या परळचा दामोदर हॉल शंभर वर्षं जुना, गिरणी कामगारांच्या नाटकांचं घर होतं ते, पुनर्विकासासाठी बंद केला तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसं खरोखर हळहळली. दिवसभर साच्यावर उभं राहून रात्री तालमीला बसणारी माणसं होती ती.

मी माझ्यापुरतं सांगतो. वडील गिरणीत होते, ८२ चा संप झाला आणि त्यानंतर त्यांची गिरणी काही धड चालू झालीच नाही, आईने डबे करून घर चालवलं. आमची खोली दहा बाय बाराची, त्यात सहा माणसं. अशा घरातला पोरगा वाचायला बसणार कुठे? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ ची संस्था, तिथे जाऊन बसायचो, पुस्तकं तिथली, पंखा तिथला, शांतता पण तिथलीच. संध्याकाळी शिवाजी पार्कला पोरं मल्लखांब करायची ते बघत उभा राहायचो, मग एके दिवशी सरांनीच विचारलं शिकायचंय का. पावसाळ्यात आझाद मैदानावर कांगा लीगच्या मॅचेस बघायला जायचो, ही लीग १९४८ पासून मुद्दाम पावसातच खेळतात, ओल्या पिचवर बॉल कसाही उसळतो आणि बॅट्समनचं खरं काय ते तिथे कळतं. एकाच मैदानात इतक्या पिचेस शेजारी शेजारी की एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या अंपायरच्या पाठीशी उभा. हे सगळं बघायला कोणी पैसे घेतले नाहीत. खिशात काही नसताना ह्या शहराने मला नाटक, पुस्तक, खेळ सगळं मिळू दिलं, आणि आज बरी नोकरी आहे तरी मी परळ सोडत नाही त्याचं कारण हेच. माझ्या पोरीला पण हे चालत जाऊन मिळावं असं वाटतं.

आणि साहेबांचं ऑफिस फोर्टात आहे ना, त्यांना घ्यायला म्हणून जा एखाद्या शनिवारी आणि एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसा. टाऊन हॉलची ती इमारत १८३३ ची. तीस पायऱ्या, समोर हॉर्निमन सर्कलची झाडं. कोणी उठवत नाही. तिथून काळा घोडा चालत, डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागे छोटी बाग आहे तीही बघा.

शिफ्टवाली:
मी नर्स आहे, मूळची देवरुखची, परळ भागातल्या एका हॉस्पिटलात नोकरी आणि घर डोंबिवलीला. ताई मला विचाराल तर एकच, इथे बाई रात्री एकटी फिरू शकते. मला माहितीये की सगळीकडे, सगळ्या वेळी असं नाही, वाईट घटना इथेही होतात, पण माझी सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात, मी स्टेशनला चालत जाते, रस्त्यावर दुकानं उघडी, माणसं जागी, ट्रेनच्या लेडीज डब्यात रात्री पोलीस असतो, आणि डब्यात माझ्यासारख्याच दहाजणी असतात, कोणी मॉलमधली, कोणी कॉल सेंटरची, कोणी मच्छी विकून रिकामी टोपली घेऊन निघालेली. डोंबिवलीला उतरल्यावर पण रिक्षाची रांग असते. माझ्या बहिणीला तिकडे सात वाजल्यानंतर कोणी ना कोणी सोबत लागतं, तिला हे सांगितलं की तिचा विश्वास बसत नाही.

डब्यातल्या मैत्रिणींचं तर काय सांगू. आमचा सकाळचा ग्रुप आहे, ठरलेली गाडी ठरलेला डबा, कोणाचं काय चाललंय सगळ्यांना माहिती असतं. माझं डोहाळजेवण ट्रेनमध्ये झालंय, खरंच, ओटी भरली, फुलांच्या वाड्या घातल्या, कल्याणहून बसून आलेल्या बायकांनी जागा करून दिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण लावतो, हार घालतो. वेस्टर्नला १९९२ पासून लेडीज स्पेशल आहे, पूर्ण गाडीच बायकांची. गर्दी आहे का, तर आहेच, भयंकर आहे, सुरुवातीला तुम्हाला रडू येईल, पहिले एक-दोन महिने पीक अवरला चढूच नका, थोडी मागची-पुढची गाडी धरा. पण गर्दीतच कोणीतरी तुमची बॅग मांडीवर घेतं, तुम्ही कुठे उतरणार विचारतं आणि तुमच्यासाठी जागा धरून ठेवतं.

आणखी एक गोष्ट जी मुंबईबद्दल बोलताना कोणी सांगत नाही. आमच्या परळला केईएम आहे, टाटा आहे, देशभरातून पेशंट येतात, बिहार, आसाम, आपल्या गडचिरोलीपासून. नातेवाईक महिना महिना राहतात, राहणार कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे तिथे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं अगदी कमी पैशात राहतात. फुटपाथवर पण राहतात, ते बघून जीव तुटतो, पण त्यांना रोज जेवण आणून वाटणारी माणसं आहेत, आपलं ऑफिस करून येतात आणि डबे वाटून जातात, ना फोटो ना काही. मी इतकी वर्षं बघतेय, त्यातल्या बऱ्याच जणांची नावं मला आजही माहिती नाहीत. ह्या माणसांच्या शहरात मी राहते ह्याचं मला बरं वाटतं.

पुण्यात_आलो:
सगळेजण भरभरून लिहितायत आणि खोटं काहीच नाही, पण ताईंना दुसरी बाजू पण कळायला हवी. मी मुंबई सोडली. कारण घर. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, दर वेळी मालक भाडं वाढवणार नाहीतर खाली करा म्हणणार, मुलाची शाळा एकीकडे आणि परवडणारं घर दरवर्षी थोडं आणखी लांब, असं करत करत शेवटी जाऊन-येऊन चार तास प्रवासात जायला लागले आणि मुलगा झोपलेलाच दिसायचा. ज्यांचं स्वतःचं घर आहे किंवा क्वार्टर्स मिळतात त्यांची मुंबई आणि भाड्याने राहणाऱ्याची मुंबई ह्यात फार फरक आहे. तेव्हा ताई, आधी घर कुठे मिळतंय, ऑफिस किती लांब, हे बघा, बाकी सगळं त्यावर आहे.

पण आवडतं काय विचाराल तर अजूनही आठवतं ते सांगतो. रिक्षावाल्याला हात केला, बसलो, मीटर पडला, उतरताना मीटरप्रमाणे पैसे दिले, वरचे सुट्टे त्याने परत दिले. बस्स. घासाघीस नाही की वाद नाही. (फक्त लक्षात ठेवा, वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षा नाहीत, तिकडे टॅक्सी.) दुसरं म्हणजे लोक वेळेला मान देतात. नऊ म्हणजे नऊ, दुकानदार पटकन वस्तू काढून देतो, प्लंबर सांगितलेल्या वेळेला येतो, बँकेतली बाई उगाच ताटकळत ठेवत नाही कारण तिलाही तिची गाडी पकडायचीय. आणि तिसरं, तुम्ही काय घालता, कोणाबरोबर राहता, किती वाजता घरी येता ह्यात कोणी नाक खुपसत नाही, पण जिन्यात पडलात तर चार दारं उघडतात. ह्या गोष्टींसाठी अजून जीव तुटतो. घर परवडलं असतं तर हललो नसतो.

कान्हेरी:
मुलीसाठी लिहितोय, जरा लांबणार आहे, माफ करा.

ताई, किडे-पक्षी आवडणाऱ्या मुलीला मुंबईत आणताय म्हणून वाईट वाटत असेल तर ते आधी मनातून काढून टाका. बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल, महानगरपालिकेच्या हद्दीला लागून आणि काही भाग हद्दीच्या आतच. बिबटे राहतात त्यात, खरेखुरे, मोकळे. आत तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत, विहार १८६० सालचा, मुंबई आजही त्यांचं पाणी पिते. आणि मध्यावर कान्हेरी. शंभरहून जास्त लेणी, आणि प्रत्येक लेण्याजवळ दगडात खोदलेली पाण्याची पोढी, वरून पन्हळी काढून पावसाचं पाणी त्यात उतरवलेलं, दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी ह्या डोंगरावर पाणी कसं साठवलं ते मुलीला दाखवा, बोट लावून दाखवता येतं. पावसाळ्यात तर पायऱ्यांवरूनच पाणी वाहतं. ब्ल्यू मॉर्मन, आपलं राज्य फुलपाखरू, पाऊस थोडा उघडला की वाटेवरच दिसतं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते तेव्हा डोंगरच जांभळे होतात, पुढच्या वेळी तुमची लेक बरीच मोठी झालेली असेल. सोमवारी पार्क बंद असतं हे लक्षात ठेवा.

मग फ्लेमिंगो. साधारण नोव्हेंबरपासून येतात, मेपर्यंत असतात, ठाणे खाडीत हजारोंनी. २०१५ साली खाडीचा तो भाग अभयारण्य झाला आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. ऐरोलीहून बोट सुटते, भरती-ओहोटीवर वेळ ठरते, आधी फोन करून विचारायचं. भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला तर नुसतं सकाळी चालत गेलं तरी किती प्रकारचे पक्षी दिसतात, दुर्बीण घेऊन उभी असलेली माणसं भेटतील, ती लहान मुलांना हमखास दुर्बिणीतून बघू देतात. माझ्या भाच्याला हे वेड तिथूनच लागलं.

आणि सगळ्यात भारी, जे इथल्याच अर्ध्या लोकांना माहीत नाही, ते म्हणजे ओहोटीचा किनारा. पाणी खूप मागे गेलेलं असतं त्या वेळी जुहूला किंवा हाजी अलीला खडकांमध्ये उतरा, पायात पकड असलेल्या चपला घाला, अनुभवी माणूस बरोबर घ्या. खडकातल्या डबक्यांमध्ये समुद्रफुलं, शंखातले खेकडे, नशीब असेल तर छोटा ऑक्टोपस. प्रवाळ सुद्धा आहेत मुंबईला, कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी काही तर उचलून दुसरीकडे नेऊन लावले. वर गाड्यांचे हॉर्न चालू असतात आणि खाली हे. मुलांना घेऊन अशा किनारा-फेऱ्या काढणारे ग्रुप आहेत, वेळापत्रक ऑनलाइन टाकतात, बऱ्याच फेऱ्या फुकट असतात.

राणीबाग पण, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. लोक पेंग्विन बघून परत येतात, मी म्हणतो झाडं बघा. गोरखचिंचेचा बुंधा बघा, उर्वशीचं झाड फुललेलं असताना बघा, दीडशे वर्षांहून जुनी बाग आहे ती, बुधवारी बंद. आणि बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ ची संस्था, त्यांचं ऑफिस फोर्टातच आहे आणि गोरेगावला फिल्म सिटीजवळ निसर्ग शिक्षण केंद्र आहे, मुलांसाठी कार्यक्रम असतात. नणंदबाई गोरेगावला आहेत म्हणालात ना, रविवारी सकाळी तिथे सोडा आणि तुम्ही चहा प्यायला जा.

मला ऑफिसातून कॅनडाला जायची संधी होती, नाही गेलो. लोक म्हणाले तिकडे केवढा निसर्ग. असेल. पण सकाळी जंगलात कुठला तरी पक्षी नव्याने बघून साडेनऊला ऑफिसात बसता येतं, आणि हे मी लोकलच्या पासावर करतो, गाडी नाही माझ्याकडे.

वेसावकर:
वरती किनाऱ्याचं वाचलं, छान लिहिलंय, पण आमच्याशिवाय किनारा कसा पूर्ण होणार. मी वेसाव्याचा (वर्सोव्याचा) कोळी. आम्हाला मुंबईत राहायला काय आवडतं हा प्रश्नच कोणी विचारत नाही कारण आम्ही आलोच नाही कुठून, इथेच होतो. मला माझी दर्यावरची पहाट आवडते, बंदरावर बोट लागली की आईचा, काकीचा तो आवाज, बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा जाळी शिवत बसलेली म्हातारी माणसं, सगळ्या गोष्टी तेव्हाच ऐकायला मिळतात. नारळी पौर्णिमेला या, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ घेऊन मिरवणूक निघते, कोणी बोलवायची वाट बघू नका, सरळ या. मुलीला मढच्या फेरीबोटीत बसवा, पाच मिनिटांची खाडी आहे पण पोरं खूश होतात. चिखलात निवट्या नावाचे मासे उड्या मारताना दिसतील, तिला आवडतील.

आवडतं म्हणून भांडतो पण. वरळीच्या आमच्या भावांनी कोस्टल रोडला होड्या जायला जागा हवी म्हणून किती दिवस लढा दिला, शेवटी दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० मीटर झालं. त्यांनी मागितलं होतं ह्याहून जास्त, पण निदान ऐकलं गेलं. शहर आवडतं म्हणजे नुसतं कौतुक करून भागत नाही.

आणि मासे घेताना आमच्या बायकांशी बोला जरा, कुठला ताजा विचारा, त्या सांगतात खरं. सांगलीकडे नदीची मासळी खाल्ली असेल, इथे आधी मांदेली आणि जवळा खाऊन बघा, पापलेट नंतर.

हळदीचं_गाव:
अरे बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं आणि ह्यांना पण मोठ्याने वाचून दाखवलं. लेकीने बिबटे आणि ऑक्टोपस एवढंच ऐकलंय आणि आता ती कधी निघायचं विचारतेय. शिफ्टवाली ताई, तुमच्या डोहाळजेवणाचं वाचून मला खरंच भरून आलं. परळच्या भावोजींचं वाचून सासरे म्हणाले, एशियाटिकच्या पायऱ्या मलाही बघायच्यात.

पुण्यात_आलो दादा, तुमचं बरोबर आहे, घराचाच प्रश्न आहे. क्वार्टर्सची यादी लांब आहे, पहिलं वर्ष तरी भाड्यानेच राहावं लागणार. बजेटात मुलुंड, भांडुप किंवा ठाणे बसेल असं एजंट म्हणतोय. ऑफिस फोर्टात, मुलीची शाळा जवळ पाहिजे, मला एक लायब्ररी पाहिजे. कुठे बघू?

मुलुंडकर:
आमच्याकडे या. सेंट्रल लाइन थेट सीएसएमटीला जाते, फोर्ट तिथून चालत, म्हणजे साहेबांना मध्ये गाडी बदलायला नको. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो गाड्या आहेत, मुलुंड दुसरंच स्टेशन, सकाळी थोडं लवकर निघालं तर बसायला मिळायची शक्यता बरी असते. लायब्ररीचं म्हणाल तर महाराष्ट्र सेवा संघाचं न. चिं. केळकर ग्रंथालय आहे, कार्यक्रम पण सतत चालू असतात. नाटकाला कालिदास नाट्यगृह गावातच. नॅशनल पार्कचा डोंगर आमच्या वेस्टच्या बाजूला टेकलेला आहे, भांडुप पंपिंग स्टेशन जवळच, आणि ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळेकर वाडी म्हणून फुलपाखरांची बाग आहे, रविवारी सकाळी जायचं. कान्हेरी दादांनी ती कशी सोडली कळत नाही.

घर बघताना दोन गोष्टी. तळमजला घेऊ नका, आणि पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं हे शेजारच्यांना विचारा, एजंटला विचारू नका. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत मिळालं तर दोन पैसे जास्त गेले तरी घ्या, रोजचा रिक्षाचा खर्च आणि पावसात रांगेत उभं राहणं वाचेल. सामान मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हलवून टाका, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला की टेम्पोवाले दर वाढवतात आणि गाद्या भिजतात ते वेगळंच. घर बघायला कधी येताय ते कळवा, मी आणि आमच्या हिने पाच-सहा सोसायट्या आधी विचारून ठेवतो. आणि जेवायला आमच्याकडेच या, सांगलीची भडंग तेवढी आणा.